गार प्रोसेसर, चुकलेली बेरीज

तक्रार ऐकायला साधी होती. झिप फाइल कधी उघडते, कधी उघडत नाही. मुलगा व्हिडिओ एडिटिंग करायचा. काम संपलं की अख्खा प्रोजेक्ट सेव्हन-झिपमध्ये बांधून ठेवायचा आणि जागा मोकळी व्हावी म्हणून मूळ फोल्डर उडवायचा. आता जुने प्रोजेक्ट उघडताना सीआरसी एरर येत होती, म्हणजे उघडलेला डेटा बांधतानाच्या पडताळणी-आकड्याशी जुळत नव्हता. त्याच्या मते एसएसडी गेली होती, म्हणून त्यानं ती बदलूनही पाहिली होती. नवीवर तेच रडगाणं.

"दादा, ही पण खराबच निघाली बहुतेक," म्हणत त्यानं कॅबिनेट माझ्या बेंचवर ठेवलं.

दुरुस्तीच्या कामात रोज निळ्या स्क्रीन आणि बंद पडलेली मशीनं बघायची सवय असते. हे मशीन मात्र बंद पडतच नव्हतं. विंडोज झटकन सुरू व्हायची, गेम तासन् तास चालायचे. आत कोअर आय७-८७००के, झेड३७० चिपसेटचा मदरबोर्ड आणि भलामोठा वॉटर कूलर. धुळीचा कण नाही, वायरी नीट बांधलेल्या. मशीन जिवापाड सांभाळलेलं होतं.

एसएसडीचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिनं स्वतःच ठेवलेला तब्येतीचा अहवाल, स्वच्छ होता. मग त्याचीच एक मोठी आर्काइव्ह घेऊन सेव्हन-झिपमध्ये 'टेस्ट' चालवली. एका क्लिपवर एरर आली. लगेच तीच टेस्ट पुन्हा चालवली, तर ती क्लिप बिनधोक पास झाली आणि भलत्याच फाइलवर एरर आली. तिसऱ्या वेळी सगळंच पास. इथे एसएसडीवरचा संशय जवळपास फिटला. डिस्कवर डेटा बिघडला असेल तर तो त्याच जागी बिघडलेला राहतो, दर वेळी जागा बदलत नाही. चूक फिरती असेल तर ती साठवणुकीत नसून हिशेब करणाऱ्याच्या डोक्यात असते. म्हणजे रॅम किंवा प्रोसेसर.

रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे तिला जादा वेगानं चालवणारं सेटिंग, बंद करून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावलं. ते निर्धोक पार पडलं. विंडोजमध्ये परत आल्यावर आर्काइव्हची एरर मात्र तशीच. मग बायोस, म्हणजे मदरबोर्डाची मूळ सेटिंगं, उघडलं. सगळ्या कोअरचा मल्टिप्लायर ५०, म्हणजे ५ गीगाहर्ट्झ, कंपनीनं ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेग; व्होल्टेज फिक्स १.३०.

"ओव्हरक्लॉक केलंयस?"

"हो, पण ते सेफ आहे दादा. टेंपरेचर बहात्तरच्या वर जातच नाही."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावरच हे सगळं लिहावंसं वाटलं. नवशिक्याला 'सेफ' म्हणजे 'गार' असंच वाटतं. उष्णतेची काळजी घ्यायलाच हवी, पण तिच्यापासून स्वतःला वाचवायची सोय प्रोसेसरमध्येच असते. ८७००के १०० अंशांना पोचला की आपणच वेग उतरवतो, आणि त्याहून तापला तर मशीन बंद होतं. बायोसमध्ये हातानं जादा व्होल्टेज घातलं तर मात्र तो निमूट घेतो. आणि व्होल्टेज कमी पडलं तर हिशेब चुकतो, तोही चुकल्याचं न सांगता.

५ गीगाहर्ट्झवर घड्याळाच्या एका ठोक्याला ०.२ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यात सिग्नल ट्रान्झिस्टरच्या साखळीतून पलीकडे पोचून स्थिरावला पाहिजे. व्होल्टेज कमी असेल तर ट्रान्झिस्टर सावकाश बदलतात, ठोका पडून जातो आणि जुनाच आकडा पुढे उचलला जातो. घाईत बेरीज करताना हातचा राहून जावा तसं. चूक मोठ्या जागी पडली तर मशीन कोसळतं आणि आपल्याला कळतं. गेममध्ये एखाद्या पिक्सेलचा रंग चुकला तर कोणाला कळणार? झिपमध्ये एक बिट चुकला की मात्र सीआरसी लगेच बोंब मारतं.

आकडे आले कुठून ते विचारलं. कोणाच्या तरी व्हिडिओत हाच प्रोसेसर याच व्होल्टेजवर ५ ला चालत होता. चालतही असेल. एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या निघत नाहीत. एकीला १.२५ पुरतं, दुसरीला त्याच वेगासाठी १.३५ लागतं. त्यात आणखी एक मेख. बायोसमध्ये १.३० लिहिलेलं असलं तरी लोड आल्यावर व्होल्टेज खाली बसतं. एचडब्ल्यूइन्फो हा मशीनमधले आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून त्याला दाखवलं, तर सगळे कोअर कामाला लागल्यावर १.२३ च्या आसपास दिसत होतं. ही घसरण किती भरून काढायची ते लोड-लाइन कॅलिब्रेशन ठरवतं. त्याच्याकडे ते 'ऑटो'वर होतं, आणि व्हिडिओवाल्यानं ते कुठल्या पातळीवर ठेवलं होतं ते यानं पाहिलंच नव्हतं.

"पण मी टेस्ट केली होती." केली होती खरी, एक-दोन मिनिटांत संपणारं बेंचमार्क, तेही स्कोअर बघायला.

मी प्राइम९५ लावलं. हा मुळात मर्सेन मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम. त्याची टॉर्चर टेस्ट आलेलं उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघते, म्हणून ती मला आवडते. मशीन चालू राहिलं एवढ्यावर ती समाधान मानत नाही. मुलगा शेजारी खुर्ची ओढून बसला. थोड्याच वेळात समांतर चाललेल्या हिशेबांपैकी एकाच्या, म्हणजे एका वर्करच्या, खिडकीत लाल खूण आली: फेटल एरर, राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी. तो वर्कर थांबला, बाकीचे चालूच. माउस हलत होता, गाणं वाजवलं असतं तर तेही वाजलं असतं. थोड्या वेळानं दुसरा वर्कर पडला. आणि बहात्तरच्या वर न जाणारं तापमान तोवर नव्वदी ओलांडून गेलं होतं, कारण एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या एव्हीएक्स सूचनांचा हा भार कुठल्याही गेमपेक्षा कितीतरी जड असतो.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं तर हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १९ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. याचा अर्थ, हार्डवेअरमध्ये चूक झाली आणि ती सावरली गेली. सावरलेल्या चुकांची नोंद तरी होते. ज्या निसटतात त्यांची होत नाही.

"मग व्होल्टेज वाढवून टाका ना, १.४०!"

पहिली ओढ सगळ्यांना हीच असते. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३० चे १.४० केले की वेग तोच राहतो आणि वीज साधारण १६ टक्के जास्त लागते. शिवाय जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता एकत्र आली की आतल्या सूक्ष्म तारांची झीज वेगानं होते, आणि आज स्थिर असलेलं सेटिंग वर्षभरानं डळमळायला लागतं. २०२४ साली इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं जे प्रकरण झालं, त्यातही मुळाशी जादा व्होल्टेजच होतं आणि लोकांना पहिला झटका बसला तो गेमच्या फाइल डीकॉम्प्रेस होताना. तेव्हापासून 'झिप उघडत नाही' ऐकलं की मी डिस्कआधी प्रोसेसरकडे बघतो. ८७००के साठी माझी स्वतःची मर्यादा १.३५ आहे, आणि शिकाऊ माणसाला मी तिथवरही जाऊ देत नाही.

बायोस डिफॉल्टला नेलं. आधी स्टॉकवर प्राइम९५ चालवून बघितलं. ज्याला मूळ वेगावरच एरर येते त्यानं ओव्हरक्लॉकचं नाव काढू नये. इथे सगळं स्वच्छ होतं. मग जुन्या आर्काइव्ह एकेक करून तपासायला बसलो. हा दिवसातला सगळ्यात वाईट भाग. काही फाइली स्टॉकवर व्यवस्थित उघडल्या, म्हणजे त्यांच्या वेळी चूक वाचताना होत होती. काही मात्र दर वेळी त्याच जागी अडत होत्या. त्या बांधतानाच चुकीच्या लिहिल्या गेल्या होत्या आणि मूळ फोल्डर कधीच उडवलेले. त्या गेल्या. पोरगा गप्प झाला, मीही फार काही बोललो नाही.

दुपारनंतर त्यालाच कीबोर्डवर बसवलं. या चिपचा सगळ्या कोअरवरचा मूळ टर्बो, म्हणजे ती आपणहून गाठते तो कमाल वेग, ४.३ गीगाहर्ट्झ. व्होल्टेज 'ऑटो'वरून काढून १.२५ ला बांधलं, कारण मल्टिप्लायर वाढवला की बरेच मदरबोर्ड 'ऑटो'मध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज ढकलतात. लोड-लाइन मधल्या पातळीवर ठेवली. रॅम मूळ वेगावरच, म्हणजे चूक झाली तर कोणाची ते कळेल. मल्टिप्लायर एकेकानं वर, एका वेळी एकच बदल, आणि दर बदलाला वहीत नोंद: वेग, लोडवरचं व्होल्टेज, कमाल तापमान, टेस्टचा निकाल. बोर्डाबरोबर येणारं एका क्लिकचं ओव्हरक्लॉकिंग मी वापरू दिलं नाही. ते आकडे ठरवतं कसे ते कळत नाही, आणि त्याचा हात व्होल्टेजच्या बाबतीत फारच सढळ असतो.

४९ ला मशीन उठलंच नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. मुलाचा चेहरा पडला. "जळला?" वीज काढली, सीएमओएस क्लिअर करायचा, म्हणजे बायोसची सेटिंगं पुसायचा, जंपर काही सेकंद जोडला, पुन्हा चालू केलं. बायोस डिफॉल्टवर येऊन उभं. ज्या बोर्डावर जंपर सापडत नाही तिथे नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं काढून ठेवली की तेच काम होतं. ही युक्ती वेग वाढवण्याआधी माहीत असावी.

४८ ला विंडोज आली, पण प्राइम९५ नं एक वर्कर पाडला. ४७ तासभर टिकला. व्होल्टेज किंचित वाढवून ४८ सुद्धा बसला असता, पण मी थांबवलं आणि एव्हीएक्स ऑफसेट २ ठेवला, म्हणजे जड सूचना आल्या की वेग आपोआप ४.५ वर उतरतो. त्याचा हिरमोड दिसत होता. मग हिशेब मांडला. रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढणं, पूर्णपणे प्रोसेसरवर अवलंबून आहे असं धरलं, तरी ४.७ वर दहा मिनिटं लागणारं काम ५ वर नऊ मिनिटं चोवीस सेकंदांत होतं. छत्तीस सेकंद.

"पण ५ गीगाहर्ट्झ सांगायला भारी वाटतं, दादा."

ते खरंच. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विंडोज मी पुन्हा टाकायला लावली. ओव्हरक्लॉक चालू असताना आलेले अपडेट त्याच चुकणाऱ्या प्रोसेसरनं उलगडले होते, त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा? मशीन रात्रभर टेस्टवर ठेवून दुसऱ्या दिवशी दिलं. आता आर्काइव्ह केली की आधी 'टेस्ट' आणि मगच फोल्डर डिलीट, असं त्याला बजावलं.

पुढे त्यानं इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो पाठवला. १९ क्रमांकाची नवी नोंद नव्हती. खाली लिहिलं होतं की पंख्यांचा आवाज कमी व्हावा म्हणून त्यानं आपणहून ४६ वर आणलंय, आणि आता रॅमचं एक्सएमपी चालू करायचंय, चालेल का? मी कळवलं, चालेल, पण ते प्रोफाइलसुद्धा ओव्हरक्लॉकच आहे. आधी मेमटेस्ट८६ चे चार पास, मग सेव्हन-झिप.