कोलोरॅडोत एल्कची शिकार: टॅग मिळवण्यापासून मांस घरी आणेपर्यंत

डॅलसहून कोलोरॅडोच्या सान हुआन डोंगरांत एल्कच्या शिकारीला जाऊन आलो. परत आल्यापासून इथले मराठी मित्र एकच विचारतात: बाहेरच्या राज्यातल्या माणसाला टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, मिळतो कसा? तर आधी तेच सांगतो.

एल्क आपल्या सांबराच्या कुळातला, पण वजनाने त्याहून बराच मोठा. कोलोरॅडोत ते अडीच लाखांहून जास्त आहेत. इतके दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाहीत. वायोमिंगमध्ये परराज्यातल्या शिकाऱ्याला वाइल्डरनेस (रस्ते-गाड्या नसलेल्या संरक्षित) भागात गाइडशिवाय मोठ्या जनावरांची शिकार करता येत नाही. न्यू मेक्सिकोत गाइड न घेणाऱ्या बाहेरच्यांसाठी सोडतीतले जेमतेम ६ टक्के टॅग ठेवलेले असतात. माझ्या मते पहिल्या खेपेला कोलोरॅडोच बरं.

तिथे दोन वाटा आहेत. एक, सोडतीशिवाय थेट विकत मिळणारा नराचा टॅग. रायफलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामासाठी बऱ्याच युनिट्समध्ये (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) तो मिळतो, किंमत ८०० डॉलरच्या आसपास. मात्र तिथे गर्दी फार. शिवाय बहुतेक ठिकाणी नराच्या एका शिंगाला किमान चार टोकं, नाहीतर कपाळाजवळचं टोक निदान पाच इंचांचं लागतं. झाडीतून दुर्बिणीने टोकं मोजत बसणं नवख्याला जड जातं.

दुसरी वाट मादीच्या टॅगची, आणि मी तीच सुचवेन. तो स्वस्त आहे, शिंगं मोजावी लागत नाहीत आणि खायला मांसही कोवळं. सोडतीचे अर्ज मार्चमध्ये सुरू होतात आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बंद होतात. अर्जाआधी छोट्या प्राण्यांचा वार्षिक परवाना किंवा तसाच एखादा पात्रता परवाना घ्यावाच लागतो. तो खर्च बजेटमध्ये धरा. आता नीट लक्ष द्या: प्रेफरन्स पॉइंट (वर्षागणिक जमा होणारे, सोडतीत अग्रक्रम देणारे गुण) फक्त अर्जातल्या पहिल्या पसंतीवर खर्च होतात. म्हणून पहिल्या पसंतीला 'फक्त पॉइंट' हा कोड टाकायचा आणि हवा तो मादीचा टॅग दुसऱ्या पसंतीला. टॅगही लागू शकतो आणि पॉइंटही जमा होतो. पॉइंटची पद्धत २०२८ पासून बदलते आहे, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज भरू नका.

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र लागतं. टेक्सासचं चालतं. एच-१बी वाल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची: नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक जवळ बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. त्यामुळे परवाना आधी, बंदुकीला हात नंतर, अगदी सरावासाठी मित्राची घ्यायची असली तरी. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आम्ही पगोसा स्प्रिंग्जजवळ मुक्काम केला. गावच ७,००० फुटांवर, शिकार त्याहून दोन-तीन हजार फूट वर. सपाट प्रदेशातून येणाऱ्याने हंगामाआधी दोन दिवस तिथे राहून शरीराला सवय करावी. भरपूर पाणी प्या. फोनमध्ये जमिनीच्या मालकीचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. कोलोरॅडोत खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असलीच पाहिजे असं नाही. हद्द ओळखणं शिकाऱ्याची जबाबदारी. अंगावर कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी रंग आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे.

जंगलात सगळा खेळ वाऱ्याचा. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते. एल्कला माणसाचा वास लागला की संपलंच. आम्ही अंधारातच लांबून वळसा घालून कळपाच्या बाजूने चढलो आणि अ‍ॅस्पनच्या पानगळ झालेल्या झाडीच्या कडेला बसलो. खिशातल्या बाटलीतली पावडर थोडी उडवली की वारा कळतो. ती सरळ खाली जात होती. उजाडल्यावर माद्या एकेक करून गवताळ मोकळ्या जागेतून स्प्रूसच्या दाट सावलीकडे निघाल्या. मागची एक आडवी थांबली, मागे पिल्लू नव्हतं. दीडशे यार्डांच्या आतला नेम होता. ती थोडं चालून बसली.

खरं काम त्यानंतरच. टॅगवर लगेच सही आणि तारीख. मग पोट न फाडता एका बाजूचं कातडं सोलून मागची मांडी, पुढचा फरा आणि पाठीचं मांस काढायचं, उलटवून दुसरी बाजू, शेवटी आतलं मऊ मांस. प्रत्येक तुकडा सुती पिशवीत घालून सावलीत टांगायचा. गरम मांस प्लास्टिकमध्ये कोंबलं की नासलंच. मादी असल्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे. खाण्याजोगं मांस मागे टाकणं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. पाठीवर वाहून आणायला खूप फेऱ्या लागतात, म्हणून गाडीपासून दोन मैलांपलीकडे गोळी झाडण्याआधी सोबत किती माणसं आहेत ते बघा.

हरणवर्गात पसरलेल्या सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या तपासणीसाठी मुंडकं केंद्रावर द्या आणि निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका. टेक्सासमध्ये परत येताना मेंदू आणि पाठीचा कणा आणायला मनाई आहे. हाडं काढलेलं मांस किंवा साफ केलेल्या मांड्या चालतात. कूलरमध्ये बर्फ तळाशी ठेवा, पाणी काढायची तोटी उघडी ठेवा आणि वाटेत अमारिलोला थांबून बर्फ पुन्हा भरा.