तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी माणसं रडतात का?

चिनी भाषेची दुभाषी आहे म्हटलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा प्रश्न ठरलेला: "त्या लोकांना भावना असतात का हो? चेहरे कायम कोरे!" आजवर विषय बदलत आले. आता सांगते.

हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंगला शहीद स्मारक आहे. चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला चीनला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा पुतळा तिथेच. १९४२च्या डिसेंबरात, अवघ्या ३२व्या वर्षी ते गेले. आपल्याकडच्या पाहुण्यांना घेऊन मी तिथे होते. एक आजी बोलत होत्या. त्यांच्या आईने डॉक्टरांच्या हाताखाली जखमा बांधल्या होत्या. थंडी, राळ्याची पेज, रात्रभर चाललेली ऑपरेशनं, सगळं खणखणीत आवाजात सांगून झालं. मग त्या डॉक्टरांच्या मुलावर आल्या. यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा काही महिन्यांचा. "आई सांगायची, त्या तान्ह्याला..." आणि थांबल्या. ओठ हलत होते, हात गळपट्टीशी गेला, डोळ्यांत पाणी नाही. याला चिनीत गंग-ये म्हणतात. दोन अक्षरं, दोन्हींत तोंडाची खूण. दुसरं तर घशासाठीही वापरतात. आपला गहिवरलेला माणूस निदान दोन शब्द बोलतो. इथे आवाजच अडकतो.

"काय म्हणतायत?"

"त्यांना बोलवत नाहीये."

"हो, पण म्हणाल्या काय?" आणि मागून कुणीतरी, "पढवलेलं असतं हो हे सगळं."

आजींना मराठी कळत नव्हतं, सूर कळला. त्यांनी चेहरा सावरला आणि दोन देशांच्या मैत्रीबद्दल एक छापील वाक्य म्हटलं. मी त्याचं भाषांतर केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या तान्ह्याचं पुढे काय, ते राहूनच गेलं.

तुमचा संशय अगदीच निराधार नाही, हेही मान्य करते. निवृत्त होणारा खेळाडू असो की पुरस्कार घेणारी नटी, तिथली वर्तमानपत्रं 'गंग-ये' हाच शब्द छापतात. शब्द झिजलाय. पण म्हणून त्या आजी खोट्या? हे मला मुळीच पटत नाही.

तेव्हा मी छातीठोकपणे म्हणायचे, दुभाष्याने बोललेलंच सांगावं, पदरचं काही घालू नये. तो नियम चुकीचा होता असं आजही म्हणवत नाही. मात्र बोलता न येणं हे बोलण्यात धरायचं की नाही, यावर माझं माझ्याशीच अजून जमलेलं नाही.