कायटोसान झालं, पण शिसं मोजून कोण देणार?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी कोळंबीच्या टरफलांचं कायटोसान (टरफलांतल्या कायटिनपासून होणारा, धातू धरून ठेवणारा पदार्थ) करून त्याने पाण्यातलं शिसं काढलं. टरफलं रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावरून आणली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात फेस थांबेपर्यंत ठेवली की चुना जातो, सौम्य कॉस्टिक सोड्यामध्ये प्रथिनं जातात, आणि शेवटी ५०% कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटिनचं कायटोसान होतं. अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवून सुईने थेंब-थेंब कॉस्टिकमध्ये सोडलं की मणी तयार. हे सगळं नीट पार पडलं.

अडलं ते ए.ए.एस.पाशी, म्हणजे पाण्यातला धातू मोजणाऱ्या यंत्रापाशी (अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटर). आमच्या कॉलेजात ते यंत्र नाही, म्हणून नमुने बाहेरच्या एका उपकरण केंद्रात दिले. फॉर्मवर गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, आगाऊ पैसे. मग कळलं, शिसं मोजायला यंत्रात लागणारा खास दिवा गेलाय. दिवा आला तेव्हा यंत्राच्या ज्योतीसाठीचं अ‍ॅसिटिलीनचं सिलिंडर संपलं होतं. फोन केला की एकच उत्तर, ‘पुढच्या आठवड्यात बघा.’ पैसे घेताना हे सांगायला काय हरकत होती? सबमिशनची तारीख जवळ आलेल्या मुलांनी काय करायचं? अखेर रिपोर्ट आला, तर मण्यांनंतरच्या सगळ्या नमुन्यांपुढे ‘मोजमर्यादेखाली’. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ज्योतीवरचं यंत्र इतक्या खाली भरवशाने मोजत नाही, त्याला ग्रॅफाइट फर्नेस (ज्योतीऐवजी नमुना विजेने तापवणारी ग्रॅफाइटची नळी) लागते. मी फॉर्मवर अपेक्षित प्रमाण स्पष्ट लिहिलं होतं, तरी नमुने ज्योतीवरच लावले. भांडले, आणि ते फर्नेसवर पुन्हा लावून घेतले. आकडे हातात पडले त्या दिवशी रडूच आलं.

नमुने इतके दिवस टिकले, कारण ते प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेले होते. हे कुणी विचारत नाही, तुम्हीच करा. बाटल्याही आधी १०% नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवून ठेवा.

वाट पाहण्याच्या काळात मी शिशाऐवजी क्रोमियम (सहा), म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, घेतलं. त्यात डायफिनाइलकार्बाझाइड हे रसायन घातलं की जांभळा रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरला कॉलेजच्याच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येतो. कुणाच्या सहीची गरज नाही! मात्र हे क्रोमियम पाण्यात क्रोमेटच्या रूपात असतं आणि ते ऋणभारित असल्याने त्याला पीएच ३ च्या आसपास ठेवा, तेव्हा कायटोसानचे अमिनो गट धनभारित असतात. शिशाचं उलट, त्याला पीएच ५ बरा. ६ च्या वर गेलात तर शिसं आपणहून साक्याच्या रूपात खाली बसतं आणि श्रेय मण्यांना मिळतं. परीक्षक हेच विचारतात, म्हणून मण्यांशिवायची एक बाटली प्रत्येक वेळी सोबत चालवा.

ग्लुटराल्डिहाइडचं, म्हणजे कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना बांधणाऱ्या रसायनाचं, राहिलंच. ते न लावता मणी आम्लात विरघळतात, म्हणून लावायचं. पण ते अमिनो गटांनाच जोडलं जातं, आणि शिसं धरणारे गटही तेच. त्यामुळे कमी प्रमाणापासून सुरुवात करा.