तुम्ही विचारलंत म्हणून: सूत्रं पाठ असूनही विजेची गणितं का चुकतात?

दहावीची परीक्षा जवळ आली की पालक हाच प्रश्न घेऊन येतात: "सूत्रं तोंडपाठ आहेत, तरी इलेक्ट्रिसिटीच्या धड्यातली गणितं चुकतात. अडतं कुठं?"

अडतं सूत्र निवडताना. पॉवरची तीन सूत्रं (VI, I²R, V²/R) पाठ असतात, पण कुठलं कधी वापरायचं ते ठरत नाही. म्हणून सूत्राला हात लावण्याआधी मुलांनी सर्किट स्वतः काढावं आणि विचारावं: इथं सगळ्यांना सारखं काय मिळतंय, करंट की व्होल्टेज?

चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवर फळापानांची माटोळी बांधतात, तिच्याभोवती सोडतात ती बारीक बल्बांची जुनी माळ घ्या. समजा ५० बल्ब एकापाठोपाठ, म्हणजे सिरीजमध्ये आहेत. करंटला वाट एकच, म्हणून तो सगळ्यांतून सारखा जातो. २२० व्होल्ट मात्र वाटले जातात, प्रत्येकाला ४.४. एक बल्ब गेला की वाट तुटते आणि अख्खी माळ विझते. त्याच खोलीतला पंखा आणि ट्यूब पॅरललमध्ये, म्हणजे आपापल्या वेगळ्या वाटेवर असतात. दोघांना व्होल्टेज पूर्ण २२०, करंट ज्याचा त्याचा.

आता परीक्षकांचा आवडता प्रश्न. २२० व्होल्टचे ४० आणि १०० वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडले, तर जास्त प्रकाश कुणाचा? बहुतेक मुलं १०० लिहितात. पण ४० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) १२१० ओहम, १०० वॅटच्याचा ४८४. सिरीजमध्ये करंट सारखा, म्हणून करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स हे सूत्र धरायचं, आणि मग ज्याचा रेझिस्टन्स मोठा त्याचा प्रकाश जास्त. हिशेब केला तर ४० वॅटच्या बल्बला साधारण २०.४ वॅट मिळतात, दुसऱ्याला ८.२. (फिलामेंट, म्हणजे बल्बमधली तार, थंड असताना रेझिस्टन्स कमी असतो; शाळेच्या गणितात तो बदलत नाही असं धरतात.) हेच बल्ब पॅरललमध्ये जोडा: आता व्होल्टेज सारखं, म्हणून व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, आणि १०० वॅटचा बल्ब पुढे. हे एक गणित दोन्ही बाजूंनी सोडवलं, तर माझ्या मते अर्धा धडा हाती येतो.

अ‍ॅमीटर (करंट मोजतो) सिरीजमध्ये का आणि व्होल्टमीटर (व्होल्टेज मोजतो) पॅरललमध्ये का, हेही मग पाठ करावं लागत नाही. लॅबमध्ये अ‍ॅमीटर चुकून पॅरललमध्ये लागला तर त्याच्या अगदी कमी रेझिस्टन्समुळे करंट भसकन वाढतो आणि मीटर जळू शकतो. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात निक्रोमच्या तारेची टोकं आधी पॉलिश पेपरनं घासावीत. दोन रीडिंगांच्या मध्ये सर्किटची की (स्विच) उघडी, म्हणजे करंट बंद ठेवावा, नाहीतर तार तापते, रेझिस्टन्स बदलतो आणि ग्राफचे बिंदू एका रेषेत येत नाहीत. ग्राफ बघताना अक्ष तपासा: व्होल्टेज उभ्या अक्षावर आणि करंट आडव्यावर असेल तरच चढ म्हणजे रेझिस्टन्स. अक्ष उलटे असले तर चढ त्याचा व्यस्त.

पॅरललमध्ये ६ आणि ३ ओहम असतील तर व्यस्तांची बेरीज १/२ येते, आणि घाईत मुलं तेच उत्तर म्हणून लिहितात. उत्तर २ ओहम. पडताळा सोपा आहे: पॅरललचं उत्तर सगळ्यांत लहान रेझिस्टन्सपेक्षा लहान हवं, पण १/२ही त्यात बसतं, म्हणून शेवटी उलटं केलं का तेही बघावं. तार ओढून दुप्पट लांब केली तर रेझिस्टन्स चौपट होतो, कारण लांबी वाढताना जाडीचं क्षेत्रफळ निम्मं होतं; मुलं दुप्पट लिहून मोकळी होतात.

आपल्याकडे गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीला इंग्रजीत जातात. त्यांनी "का" आधी मराठीत बोलून बघावा आणि उत्तर मग इंग्रजीत लिहावं. व्याख्या नुसती घोकली की पोटेन्शियल डिफरन्स (म्हणजे व्होल्टेज) आणि करंट यांची अदलाबदल होते.

राहिली एककं. ०.२ अँपिअर करंट ५ मिनिटं वाहिला तर चार्ज ६० कूलंब, कारण मिनिटांचे ३०० सेकंद करायचे. वीज खात्याच्या बिलावरचं युनिट मात्र किलोवॅट-तास असतं: १५०० वॅटची इस्त्री ४० मिनिटं चालली की बरोबर १ युनिट. तिथं मिनिटांचे तास करायचे, सेकंद नव्हे.