शीर्षकपानाच्या पाठीमागे : आमची वाटचाल

आमचे आप्पा सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते. इंग्रजी त्यांना अक्षरं लावण्यापुरतंच यायचं. पण नवं पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाकडे ते बघायचेच नाहीत. शीर्षकपान उलटायचे आणि पाठीमागची बारीक छपाई बघायचे. आवृत्ती कितवी, साल कुठलं, सगळं तिथं. "तोंड कुणीबी रंगवतंय रे, पाठ बघ," म्हणायचे. कॉलेजांच्या ग्रंथालयांना पुस्तकं पुरवायचा माझा सगळा धंदा या एका सवयीवर उभा आहे, हे कळायला मला आठ-दहा वर्षं आणि बरेच पैसे लागले.

सुरुवात १९९१ च्या जूनमधली. भांडवल म्हणजे आप्पांच्या फंडातले थोडे पैसे, एक जुनी लुना आणि सात रस्त्याजवळ भाड्याची एक खोली. वैद्यकीय महाविद्यालय गावात १९६३ पासून, वालचंदचं इंजिनिअरिंग १९८३ पासून, सायन्सची कॉलेजं त्याच्याही आधीची. म्हणजे गिऱ्हाईक दारात होतं, पण जाड संदर्भग्रंथ पुण्या-मुंबईचे विक्रेते पुरवायचे. आपण इथलेच, काही अडलं तर अर्ध्या तासात लुनावरून हजर होऊ, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं होतं.

पहिली मोठी ऑर्डर परदेशी हँडबुकांची. मी हौसेनं दरपत्रक दिलं, रुपयांत. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि एकवीसच्या आसपासचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला. वितरकानं बिल नव्या दरानं लावलं, कॉलेजनं पैसे माझ्या दरपत्रकाप्रमाणे दिले. त्यांचं काही चुकलं नाही, कागदावर सही माझी होती. दिवाळीपर्यंत घरात कुणाशी नीट बोललो नाही. तेव्हापासून आमच्या दरपत्रकात परदेशी पुस्तकाची किंमत डॉलरमध्ये नाहीतर पौंडात असते आणि खाली एक ओळ असते : रूपांतर बिलाच्या तारखेच्या जीओसी दरानं. जीओसी म्हणजे गुड ऑफिसेस कमिटी. विक्रेते-प्रकाशकांच्या संघटनेची ही कमिटी चलनाचे दर काढायची आणि ग्रंथालयंही ते मानायची.

त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची फिजिक्स-गणिताची पक्क्या बांधणीची पुस्तकं भाजीच्या भावात मिळायची, ती हळूहळू यायची बंद झाली. एक सर अजून विचारतात, मीरचं काही आलं का? जुनी ओळख आहे, म्हणून मी नुसता हसतो.

आवृत्तीचा धडा मात्र सावकाश मिळाला. २००० साली काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, नव्यानं आलं. त्याआधीचं १९७८ चं. नव्यात आरसीसीला कमीत कमी एम २० दर्जाचं काँक्रीट सांगितलं होतं, जुन्यात एम १५ चालायचं. माझ्याकडे जुन्या कोडावर बेतलेल्या डिझाइनच्या पुस्तकांच्या चाळीसेक प्रती पडून होत्या. एक स्नेही म्हणाले, गणितं तीच आहेत, तालुक्याच्या कॉलेजात खपव. खपल्या असत्या. पण उद्या कुणी पोरगं ते वाचून बार्शीत एखादा स्लॅब टाकेल, हे डोक्यातून जाईना. रद्दीत घातल्या.

वैद्यकीयमध्ये तर हे जास्तच. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१० साली सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसावर करायच्या प्रथमोपचाराचा, क्रम बदलला. पूर्वी आधी श्वासमार्ग मोकळा करा, श्वास द्या आणि मग छाती दाबा, असं होतं. आता आधी छाती दाबायची. २००८ चं पुस्तक २०१२ मध्ये 'नवंकोरं' म्हणून दिलं तर ते कोरं असतंच, नवं नसतं. इथं एक गंमत सांगतो. भारतीय छपाईच्या पुस्तकात मागच्या पानावर पुनर्मुद्रणाचं सालही छापलेलं असतं. काही विक्रेते त्यावर बोट ठेवून दाखवतात : बघा, यंदाचं आहे. यंदाचं असतं ते छापणं, मजकूर जुनाच. घाईतले ग्रंथपाल इथं फसतात. मीही फसलो आहे, घेणारा म्हणून.

२००६ च्या सुमाराची गोष्ट. शरीररचनेचा एक जाड खंड एका ग्रंथालयात दिला. चार महिन्यांनी मॅडमचा फोन : "अहो, तुमच्या पुस्तकात माणसाला तळहातच नाही." मला वाटलं चेष्टा. जाऊन बघतो तर पान ३५२ नंतर ३५३ ते ३६८ बरोबर, त्याच्यापुढे पुन्हा ३५३ ते ३६८, आणि एकदम ३८५. सोळा पानी फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, दोनदा शिवलेला, पुढचा गायब, आणि नेमका त्यात तळहात. एका पीजीच्या मुलीला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते सापडलं. पुस्तकावर दाखल क्रमांक पडलेला, शीर्षकपानावर शिक्का, ग्रंथालय खुणेसाठी आतलं एक पान ठरवून ठेवतं, त्या गुप्त पानावर शिक्का. शिक्क्याचं पुस्तक वितरक परत घेत नाही, आणि तसा नियम त्याच्या बाजूनं बरोबरच आहे. दुसरी प्रत मी पदरच्या पैशानं आणून दिली आणि ते तळहात नसलेलं पुस्तक घरी आणलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे पाढा सुरू झाला. पुस्तक टेबलावर उभं धरायचं आणि अंगठ्यानं फर्म्याचं पहिलं पान गाठत जायचं : एक, सतरा, तेहेतीस, एकोणपन्नास, पासष्ट, एक्याऐंशी, सत्त्याण्णव... बायको म्हणायची आणि मी बघायचो. दीड हजार पानांच्या खंडाला पाच-सहा मिनिटं लागतात. शेजारच्या चादरीच्या दुकानदाराला बरेच दिवस वाटत होतं की आमच्याकडे शिकवणी चालते. बत्तीस पानी फर्मे असले की पाढा बदलतो, आणि सुरुवातीची रोमन आकड्यांची पानं वेगळी मोजावी लागतात. वर्षाला दोन-तीन तरी सदोष प्रती निघतातच. शिक्का पडायच्या आत निघाल्या की वितरक मुकाट्यानं बदलून देतो.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो. एका संस्थेत तपासणी येणार होती. तिथून निरोप आला : तीन दिवसांसाठी पुस्तकं द्या, भाडं देतो, समिती गेली की घेऊन जा. त्या महिन्यात खोलीचं भाडं थकलं होतं. दिली. परत आली तेव्हा त्यांच्या हुशार कारकुनानं प्रत्येकावर शिक्के मारलेले, दाखल क्रमांकासकट! ना विकता येईनात, ना ते ठेवून घेईनात. आप्पा तेव्हा होते. काही बोलले नाहीत, फक्त प्रत्येक पुस्तकाची पाठ उलटून बघत बसले. नंतर तसला निरोप आला की मी 'स्टॉक नाही' म्हणतो.

सोलापूरचा उन्हाळा हा आमचा न दिसणारा भागीदार. मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत गोंदाची बांधणी सैल होते आणि पेपरबॅक हँडबुकाची पानं हातात येतात. म्हणून जास्त वापरातली पुस्तकं आम्ही देण्याआधीच शिवून, कापडी पुठ्ठा घालून देतो. बांधणी करणारे अण्णा तेलुगू, घराणं विणकराचं. पुस्तकाच्या पाठीला लावायच्या कापडाचा पोत ते डोळे मिटून सांगतात. दिल्लीला दर्यागंजात खरेदीला जाताना कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये माझ्या पिशवीत शेंगाचटणी असतेच. उधारीची मुदत तीस दिवसांवरून साठ करून घ्यायला त्या चटणीचा उपयोग झालेला आहे, खोटं नाही सांगत.

आता धंदा आटला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मानकं ऑनलाइन मिळतात, औषधांचे डोस पोरं मोबाईलवर बघतात. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. नियतकालिकं मी कधी विकली नाहीत आणि योजना चांगलीच आहे. खासगी कॉलेजं तिच्यात नाहीत, पण 'सगळं ऑनलाइन आहे' हे वाक्य तिथंही पोचलं आणि पुस्तकांची रक्कम कापायला कारण झालं. लोकांना वाटतं पुस्तकावर जीएसटी शून्य म्हणजे आमची चैन. विक्रीवर शून्य आहे म्हणूनच खोक्यांवर आणि दुकानाच्या भाड्यावर भरलेला कर आम्हाला वजा करून मिळत नाही.

म्हणून आम्ही पुस्तकाबरोबर कामही विकायला लागलो. वर्गांक घालून, पाठीवर लेबल चिकटवून, बारकोड लावून पुस्तक देतो; ६१७ शस्त्रक्रिया, ६२४ स्थापत्य, सरळ रॅकमध्ये लावायचं. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडच्या ग्रंथालयांत एकेकटे ग्रंथपाल असतात, त्यांना हे सोयीचं पडतं. मार्च एंडला आजही रात्री बारापर्यंत खोकी बांधतो. गाडीत खोक्यांच्या मध्ये सेकंडच्या सोलापुरी चादरी घालतो, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत.

तळहात नसलेलं पुस्तक दुकानात आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच देतो : तपास, काय चूक आहे सांग. बहुतेकांना सापडत नाही. गेल्या जूनमध्ये कामाला आलेल्या पोरीनं दहा मिनिटं उलटसुलट केलं आणि म्हणाली, "काका, हे वीस वर्षांपूर्वीचं आहे. याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या असतील ना? विकायला कशाला ठेवलंय?"

फर्मा तिला सापडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दहाला ये म्हणालो.