तेलाचा डबा आणि सोयाबीनची पट्टी

दिवाळी जवळ आली की स्वदेशी वस्तूच घ्याव्यात असे संदेश फिरू लागतात आणि त्यांत बहुतेक वेळा विजेच्या माळा, खेळणी आणि मोबाइल यांचाच उल्लेख असतो. माळांबद्दल माझे फारसे म्हणणे नाही. त्या लातूर-नांदेडकडे कोणी बनवत नाही, त्यामुळे त्या न घेतल्याने आपल्या भागातील कोणाचे पोट भरेल असेही नाही. मराठवाड्यातील घरात देशी की परदेशी हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो स्वयंपाकघरात, तेल आणि डाळ या दोन वस्तूंपाशी, कारण या दोन्हींचा कच्चा माल आपणच पिकवतो, आडतीवर घालतो आणि महिन्याच्या किराण्यात त्याच वस्तू पुन्हा विकत आणतो.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल प्रामुख्याने अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे रशिया आणि युक्रेनमधून. हे नेहमी असेच नव्हते. 1986 मध्ये केंद्राने तेलबियांसाठी विशेष अभियान सुरू केले आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. 1994 मध्ये पामोलिनची, म्हणजे शुद्ध केलेल्या पामतेलाची, आयात खुली झाली, पुढे तिच्यावरील शुल्कही उतरत गेले आणि स्वस्त तेलाची सवय लागली, ती आजपर्यंत सुटलेली नाही.

आता हा व्यवहार एका घरापुरता मांडून पाहू. समजा, एखाद्या कुटुंबाला दहा क्विंटल सोयाबीन झाले आणि ते हमीभावापेक्षा क्विंटलमागे 800 रुपये कमी दराने विकावे लागले, तर पट्टीवर, म्हणजे आडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, 8,000 रुपये कमी पडतात. तेच कुटुंब महिन्याला चार किलो तेल वापरत असेल आणि आयातीमुळे ते किलोमागे 20 रुपयांनी स्वस्त मिळत असेल, तर वर्षाची बचत होते 960 रुपयांची. ही सगळी तूट आयातीच्या खात्यावर टाकणे खोटे ठरेल, पण तिचा एक चतुर्थांश भाग जरी त्या खात्यावर धरला तरी 960 रुपये वाचवण्यासाठी या घराने 2,000 रुपये गमावलेले असतात. डब्याची किंमत दुकानात सर्वांना दिसते. पट्टीवरील घट मात्र पाऊस, ओलावा, काडीकचरा अशा दहा कारणांत विरून जाते आणि तिचा डब्याशी काही संबंध आहे हे लक्षात येत नाही.

सगळी तूट आयातीची नाही असे मी म्हणतो, कारण 2024 च्या हंगामात ते स्पष्ट दिसले. त्या वर्षी 14 सप्टेंबरपासून कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेण्यात आले. तेल महागले, आता सोयाबीन चढेल अशी सर्वांनी आशा धरली, पण हमीभाव 4,892 रुपये असताना बाजारातील दर त्याच्या खालीच राहिले. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते जेमतेम 18 किलो. उरते ती 80 किलोच्या आसपास पेंड, आणि सोयाबीनचा भाव बऱ्याच अंशी या पेंडीवर ठरतो. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागल्याने सोयापेंडीची मागणीच घटली. म्हणजे येथे सोयाबीनशी स्पर्धा करणारा माल परदेशी नव्हता, आपल्याच कारखान्यांतून आलेला होता. शुल्क वाढवले की शेतकरी तरला असे सरळ गणित मांडणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, या पेंडीचा हिशेबही द्यायला हवा.

ग्राहकाने देशीच तेल घ्यावे म्हटले, तरी ते ओळखायचे कसे ही आणखी एक अडचण आहे. आयातीचे बरेचसे तेल कच्च्या स्वरूपात बंदरावर उतरते, येथील कारखान्यात शुद्ध होते आणि पिशवीवर त्या कारखान्याचा भारतीय पत्ता छापला जातो. तो पत्ता खराच असतो, कामगारही आपलेच असतात, फक्त सोयाबीन अर्जेंटिनात पिकलेले असू शकते. आमच्या किराणा दुकानदाराला मी एकदा याबद्दल विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, तूर गावरान आहे का बाहेरची ते बघून सांगतो, तेलाचं मला काय विचारता!" त्याचे खरे आहे. तेलाबाबतचा निवाडा दुकानाच्या गल्ल्यावर होत नाही, तो बंदरावर आणि अर्थ मंत्रालयात होतो, आणि त्याचे ओझे ग्राहकाच्या देशप्रेमावर टाकणे मला पटत नाही. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनवर दिलेल्या आनंदाचा शिधा या संचातही पामतेलच होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

डाळीचे मात्र वेगळे आहे. तेथे दुकानदाराला माहिती असते आणि आपल्याला निवड करता येते. म्यानमारची लेमन तूर आणि मोझांबिक, टांझानिया, मलावी येथील आफ्रिकन तूर लातूरच्या दालमिललाही लागते, कारण गिरणी वर्षभर चालवायची तर स्थानिक आवक पुरत नाही. 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली, तेव्हा सगळीकडे ओरड झाली. 2016 मध्ये केंद्राने मोझांबिकशी अनेक वर्षांचा खरेदीकरार केला आणि त्याच वर्षी चढ्या भावाला भुलून आपल्या शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली. बोनससह 5,050 रुपयांचा हमीभाव असलेली तूर 2017 मध्ये त्याहून बऱ्याच कमी दराने विकली गेली आणि खरेदी केंद्रांसमोर रांगा लागल्या. नंतर आयातीवर मर्यादा आली, आणि मे 2021 मध्ये ती पुन्हा खुली झाली.

म्हणून वर्षाची तूर मी जानेवारी-फेब्रुवारीत थेट गावाकडून घेतो आणि डाळ करून आणतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन-711 हे वाण आमच्याकडे अनेक जण घेतात. एकरकमी पैसे मोडावे लागतात, डाळ जपून ठेवावी लागते, आणि हे पगारदार माणसाला जमते, रोजंदारीवरील माणसाला जमत नाही, हेही मला ठाऊक आहे. ज्याला शेत नाही, त्याची पट्टी नसते. त्याच्यासाठी स्वस्त तेल आणि स्वस्त डाळ हा निव्वळ लाभ आहे. त्याने स्वदेशीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. त्याला स्वस्त देणे आवश्यकच असेल, तर ते शिधापत्रिकेवर द्यावे. त्यासाठी सबंध देशाचा बाजार खाली आणण्याची गरज नाही.

तेलात मला निवड करता येते ती एकाच ठिकाणी, करडईपाशी. रब्बी ज्वारीबरोबर करडईच्या ओळी आणि हिवाळ्यात तिच्या कोवळ्या पानांची भाजी हे मराठवाड्याचे जुने चित्र आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी कुसुमसारखी वाणे दिली, तरी काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात आणि तेल स्वस्तात मिळू लागल्यावर पीक मागे पडले. लाकडी घाण्यावरचे करडई तेल मला रिफाइंडच्या दुपटीहून महाग पडते, म्हणून तळणासाठी ते परवडत नाही. फोडणीला आणि भाकरीबरोबरच्या चटणीवर मात्र तेच घेतो. येथे बी कोणाच्या शेतातून आले, ते घाणेवाला नावानिशी सांगतो.

राहिला प्रश्न सरकारचा. 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील शुल्क पुन्हा कमी होऊन 16.5 टक्क्यांवर आले, ते 30 मे रोजी, जेव्हा आमच्याकडे लोक बियाण्याच्या बॅगा घरी आणत होते. शुल्क किती असावे याबद्दल अर्थतज्ज्ञांत मतभेद असू शकतात, पण ते पेरणीआधी दोन महिने जाहीर व्हावे आणि माल बाजारात येऊन विकला जाईपर्यंत बदलू नये, एवढे ठरवायला कोणाची हरकत असावी हे मला समजत नाही.