जॅक सुटले, हिरव्या पिना अजून छळतायत

मंडळी, माझ्या पियानोतले अडकलेले जॅक (कळ दाबली की हातोडीला ढकलणारे छोटे लाकडी दांडे) सुटले! मधल्या भागातल्या ज्या कळा दुसऱ्यांदा दाबल्या की नुसत्या टकटक करायच्या, त्या आता पटापट बोलतायत.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचा थेंब सोडल्यावर फ्लँज (पिनेवर हलणाऱ्या लाकडी बिजागऱ्या) उलट जास्तच घट्ट का होत होते, ते अखेर उलगडलं. पाण्यानं बुशिंगचं, म्हणजे भोकात पिनेभोवती असलेलं, लोकरी कापड फुगतं. एकीकडे पिन, दुसरीकडे लाकूड, पसरायला जागाच नाही. मग ते जागच्या जागी दबतं आणि वाळताना आकसून पिनेला सैल सोडतं. अल्कोहोलचं काम एवढंच, की पाणी आतपर्यंत मुरवायचं. म्हणजे सगळी मदार वाळण्यावर, आणि पुण्यात ऐन जुलैत वाळतंय काय? आमचा दोरीवरचा पंचासुद्धा दमटच असतो.

म्हणून विप्पन (जॅक ज्यांवर बसतात ते लाकडी भाग) काढून लाकडी खोक्यात ठेवले, कोपऱ्यात ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब, झाकणाला फट. ऊब हवी, भाजणं नको. जुना सरस उष्णतेनं सुटतो. सकाळी स्प्रिंग बाजूला करून जॅक उचलला आणि सोडला. आपल्या वजनानं, न अडखळता, अलगद खाली आला. तो मी उगाचच परत परत उचलून सोडत बसलो!

वरच्या सप्तकातले हॅमर (तारेवर आपटणाऱ्या हातोड्या) मात्र ढिम्म. पिन ठोकून काढली तर अंगावर हिरवट चिकट थर. जुन्या चरबीची पिनेतल्या तांब्याशी लागलेली ही कीड थेंबानं जात नाही. पीटीएफई (टेफ्लॉन)वालं वंगण लावलं तर चार दिवस बरं वाटतं, इतकंच. डब्ल्यूडी-४० किंवा शिवणयंत्राचं तेल सुचवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. पिन आणि कापड, दोन्ही बदलायलाच हवं.

२० नंबरची पिन १.२७ मिमी, २०॥ची साधारण १.३० मिमी. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात दोन्ही सरमिसळ निघाल्या, त्यामुळे मायक्रोमीटर घेऊन निवडत बसलोय. भोक मोठं करायला बोहरी आळीत मिळालेले घड्याळजी ब्रोच निमुळते आहेत, भोक एका तोंडाला जास्त मोठं होतं. सरळ रीमरच बरा.

हे आत्ताच करायचा बेत होता. पण लिहिता लिहिता वाटलं, पावसाळ्यात बेतून बसवलेलं बुशिंग उन्हाळ्यात लाकूड-लोकर सुकल्यावर खुळखुळेल. तेव्हा हिरव्या पिना दिवाळीनंतर. तोवर डॅम्परच्या (तारेचा आवाज थांबवणाऱ्या भागांच्या) फ्लँजना पिनेतून वीज सोडून ऊब द्यायची युक्ती करून बघतो. तपकीर गल्लीत ६ व्होल्टचा दणकट ट्रान्सफॉर्मर कुठे मिळेल, कुणी सांगेल का?